खासगी महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांस सरकारी अर्थसाहाय्य : तासगाव परिसराच्या अनुरोधाने एक ऐतिहासिक विचार

महाराष्ट्रातील उच्च शिक्षणाचा विचार करताना ‘खासगी महाविद्यालय’ या शब्दाचा अर्थ प्रथम नीट ठरवून घेणे अवश्य आहे. इंग्लंड-अमेरिकेत या शब्दाने जे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते ते येथे लागू पडत नाही. महाराष्ट्रातील बहुसंख्य महाविद्यालये सरकारने स्थापन केलेली नाहीत; ती शिक्षणसंस्थांनी, म्हणजे लोकांनी वर्गण्या, देणग्या व श्रम यांच्या बळावर उभी केलेली आहेत. व्यवस्थापनाच्या दृष्टीने ती खासगी होत. परंतु त्यांतील पुष्कळांचा खर्च दीर्घकाळ सरकारी अनुदानावर चालत आला आहे. म्हणून अशा महाविद्यालयांत शिकणाऱ्या गरीब विद्यार्थ्याला सरकारचे साहाय्य दोन वाटांनी पोहोचते. एक वाट संस्थेच्या दारातून जाते, ती म्हणजे अनुदान. दुसरी वाट विद्यार्थ्याच्या नावाने जाते, ती म्हणजे शिष्यवृत्ती, नादारी किंवा फीमाफी. या दोन वाटा कशा निर्माण झाल्या, त्यांचे परस्परांशी नाते कसे बदलत गेले आणि दोन्ही वाटांनी मदत येऊनही विद्यार्थ्याच्या घरावर कोणता भार शिल्लक राहिला, याचा शोध तासगाव परिसराच्या अनुरोधाने घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

तासगावची निवड करण्यास कारण आहे. परशुरामभाऊ पटवर्धनांचे हे ठाणे १८४८ साली खालसा होऊन इंग्रजी अमलाखाली आले आणि पुढे सातारा जिल्ह्याचा एक तालुका बनले. १९४९ साली दक्षिण सातारा जिल्हा निराळा झाला, तेव्हा तासगाव त्यात गेले. १९६० साली त्याच जिल्ह्याला सांगली हे नाव मिळाले. एका बाजूस सांगली-मिरजेची संस्थाने, दुसरीकडे कोल्हापूर आणि उत्तरेस साताऱ्याची चळवळींची भूमी, अशा मुलखात हा तालुका वसला असल्याने मराठी प्रदेशातील शिक्षणविषयक जवळजवळ प्रत्येक प्रयोगाचा परिणाम येथे येऊन पोहोचला.

१. अनुदानतत्त्वाचा उदय आणि जोतीरावांचा आक्षेप

खासगी शिक्षणसंस्थांना सरकारने पैसा द्यावा हे तत्त्व हिंदुस्थानात १८५४ च्या वुडच्या खलित्याने रूढ झाले. सर्व शिक्षणाचा भार स्वतः उचलणे सरकारला शक्य नव्हते; तेव्हा लोकांनी वा मिशनऱ्यांनी संस्था काढाव्यात, सरकारने त्यांची तपासणी करावी आणि ठराविक नियमांनी त्यांना साहाय्य द्यावे, अशी ही योजना होती. १८८२ च्या हंटर आयोगाने तीच दिशा अधिक स्पष्ट केली. उच्च शिक्षणाच्या क्षेत्रातून सरकारने क्रमाक्रमाने अंग काढून घ्यावे व ते क्षेत्र खासगी प्रयत्नांस मोकळे करावे, असा तिचा रोख होता. डेक्कन एज्युकेशन सोसायटी १८८४ साली स्थापन झाली आणि १८८५ साली फर्ग्युसन महाविद्यालय सुरू झाले, ते याच वातावरणात.

याच हंटर आयोगापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी दिलेले निवेदन येथे लक्षात घेतले पाहिजे. फुल्यांचे मूळ घराणे सातारा जिल्ह्यातील कटगुणचे. सरकारचा महसूल मुख्यतः शेतकऱ्याच्या घामातून येतो आणि त्याचा मोठा लाभ मात्र वरिष्ठ वर्गांच्या उच्च शिक्षणाला होतो, ही त्यांची मुख्य तक्रार सर्वपरिचित आहे. तितकाच महत्त्वाचा, परंतु कमी चर्चिला गेलेला, असा दुसरा मुद्दा शिष्यवृत्त्यांसंबंधी होता. चढाओढीच्या परीक्षेने शिष्यवृत्त्या देण्याची पद्धत तत्त्वतः न्याय्य दिसली, तरी ज्या वर्गांत विद्येची गोडी आधीच उत्पन्न झाली आहे त्यांच्याच पदरात ती पडते; म्हणून काही शिष्यवृत्त्या ज्या वर्गांत शिक्षणाचा प्रसार झालेला नाही त्यांच्यासाठी ठेवाव्यात, असे त्यांचे म्हणणे होते. साहाय्य गुणवत्तेचे बक्षीस म्हणून द्यावयाचे की उणीव भरून काढण्याचे साधन म्हणून द्यावयाचे, हा पुढील सव्वाशे वर्षांतील वादाचा मूळ प्रश्न जोतीरावांनी असा १८८२ सालीच मांडून ठेवला होता.

२. फीपलीकडचा खर्च

विसाव्या शतकाच्या आरंभी तासगावच्या विद्यार्थ्याला मॅट्रिकनंतर शिकावयाचे असेल तर गाव सोडणे भाग होते. कोल्हापूरचे राजाराम महाविद्यालय संस्थानचे होते. पुणे दूर व महाग होते. १९१९ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटीने सांगलीस विलिंग्डन महाविद्यालय काढले, तेव्हा महाविद्यालय प्रथमच तासगावपासून सुमारे २५ किलोमीटरांच्या टप्प्यात आले. तथापि त्या काळी हे अंतर रोज ये-जा करण्याचे नव्हते. विद्यार्थ्याला फीबरोबरच खोली, खाणावळ, पुस्तके व दिवाबत्ती यांचा खर्च करावा लागे. अनुदानामुळे महाविद्यालय तगले, तरी या खर्चाची तोंडमिळवणी अनुदानातून होत नव्हती. वार लावून जेवणे किंवा माधुकरी मागणे ही जुनी सोय काही जातींनाच उपलब्ध होती. शेतकऱ्याच्या, कारागिराच्या वा अस्पृश्य मानलेल्या घरातील मुलाला तो मार्गही बंद होता.

ही कोंडी फोडण्याचे श्रेय वसतिगृहांच्या चळवळीकडे जाते. कोल्हापुरात राजर्षी शाहू छत्रपतींनी १९०१ पासून निरनिराळ्या समाजांच्या वसतिगृहांना जागा, इमारती व वार्षिक नेमणुका देऊन आश्रय दिला. राजसत्तेने विद्यार्थ्याच्या निर्वाहाची जबाबदारी ओळखल्याचे हे या भागातील ठळक उदाहरण होय. इंग्रजी मुलखात असा राजा नव्हता. तेथे ते कार्य कर्मवीर भाऊराव पाटील यांनी लोकांकडून करून घेतले. १९१९ साली कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन झाली आणि १९२४ साली तिचे केंद्र साताऱ्यास आले. सर्व जातींची मुले एकत्र राहत, स्वतः स्वयंपाक करीत व शेतात राबत. गावोगावच्या घरांतून मुष्टिफंडाच्या रूपाने मूठमूठ धान्य जमा होई. १९४७ साली साताऱ्यास छत्रपती शिवाजी महाविद्यालय निघाले, तेव्हा ‘कमवा व शिका’ हे तत्त्व महाविद्यालयीन पायरीवर आले. विद्यार्थ्याने श्रम करावेत आणि त्या श्रमाच्या मोबदल्यात त्याचे शिक्षण व्हावे, ही कल्पना दानाच्या कल्पनेहून भिन्न आहे. तीत उपकृततेला वाव नाही.

संस्थेला मिळणाऱ्या अनुदानाची दुसरी बाजूही याच काळात दिसून आली. १९४८ साली मुंबई सरकार व भाऊराव यांच्यात वितुष्ट येऊन रयत शिक्षण संस्थेचे अनुदान थांबविण्यात आले. पुढे ते पुन्हा सुरू झाले. मधल्या काळात लोकांनी संस्था सावरून धरली. सरकार व संस्था यांच्या संबंधांत बिघाड झाला की त्याचा भार अखेर वर्गात बसणाऱ्या मुलावर येतो, हा धडा या प्रसंगातून मिळतो. साहाय्य संस्थेऐवजी थेट विद्यार्थ्याच्या नावाने असावे, या विचाराला अशा अनुभवांत एक आधार सापडतो.

३. विद्यार्थ्याच्या नावाने येणारे साहाय्य

हा विचार कायमच्या सरकारी योजनेत प्रथम उतरला तो १९४४ साली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्त्यांची मध्यवर्ती योजना सुरू झाली; १९४८ साली तिचा लाभ अनुसूचित जमातींनाही मिळू लागला. या योजनेची दोन वैशिष्ट्ये होती. विद्यार्थी सरकारी महाविद्यालयात आहे की खासगी, याला तीत महत्त्व नव्हते; महाविद्यालय मान्यताप्राप्त असले की पुरे. आणि फीखेरीज निर्वाहभत्ताही तीत समाविष्ट होता. शिक्षणाचा खरा खर्च फीवर थांबत नाही, हे सत्य स्वतः शिष्यवृत्तीवर शिकलेल्या माणसाला कोणी सांगावे लागले नाही.

दुसरे पाऊल द्वैभाषिक मुंबई राज्याच्या अखेरीस पडले. मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांचा जन्म त्या वेळच्या सातारा जिल्ह्यातील देवराष्ट्रे गावचा. वडिलांचे छत्र लहानपणीच हरपल्यावर अत्यंत ओढगस्तीत कराड व कोल्हापूर येथे त्यांचे शिक्षण झाले होते. त्यांच्या कारकिर्दीत आर्थिकदृष्ट्या मागासलेल्या वर्गांतील मुलांना फीमाफी देण्याची योजना अमलात आली. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा प्रथम ९०० रुपये होती. ती लवकरच १२०० रुपये करण्यात आली. ‘ई. बी. सी. सवलत’ या नावाने ही योजना महाराष्ट्राच्या घराघरांत माहीत झाली. नादारी ही पूर्वी मुख्याध्यापकाच्या वा प्राचार्याच्या मर्जीची गोष्ट असे, तिच्या जागाही मोजक्या असत. आता उत्पन्नाची अट पुरी करणाऱ्या प्रत्येकाचा तो हक्क झाला. जातीऐवजी उत्पन्न हे गमक मानले गेल्यामुळे मराठा, माळी, धनगर व अन्य शेतकरी घरांतील पहिली महाविद्यालयीन पिढी या सवलतीच्या आधाराने शिकली.

या दोन वाटांचा संगम तासगावात झाला. १८ नोव्हेंबर १९६२ रोजी कोल्हापुरास शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले. त्याच सुमारास, १९५४ साली बापूजी साळुंखे यांनी स्थापिलेल्या श्री स्वामी विवेकानंद शिक्षण संस्थेचे महाविद्यालय तासगावी निघाले. तेच आज पद्मभूषण डॉ. वसंतरावदादा पाटील महाविद्यालय म्हणून ओळखले जाते. महाविद्यालय गावात आल्याने मोठा फरक पडला. मुलगा घरची भाकरी खाऊन शिकू लागला. मुलीला शिकविण्याचा विचार घरात बोलता येऊ लागला. संस्थेचे अनुदान, विद्यार्थ्याची फीमाफी आणि घराचे सान्निध्य या तीन गोष्टी एकत्र आल्या, तेव्हा गरीब कुटुंबावर शिल्लक राहणारा भार सर्वांत कमी झाला. पुढे शिक्षकांच्या वेतनाचा भार सरकारने उचलल्यावर अनुदानित महाविद्यालयांतील फी अल्पच राहिली.

जगात अन्यत्रही हाच प्रश्न त्या काळी ऐरणीवर होता. ब्रिटनमध्ये १९६२ च्या शिक्षणकायद्याने पात्र विद्यार्थ्यांची फी व निर्वाहवेतन ही दोन्ही स्थानिक शिक्षणाधिकाऱ्यांवर बंधनकारक केली. अमेरिकेत सरकारी मदत महाविद्यालयांना द्यावी की विद्यार्थ्यांना, या वादाचा निकाल १९७२ साली मुख्यतः विद्यार्थ्याच्या बाजूने लागला आणि गरजू विद्यार्थ्याने आपले अनुदान खासगी वा सार्वजनिक महाविद्यालयात न्यावे, अशी व्यवस्था झाली. महाराष्ट्राने दोन्ही मार्ग एकाच वेळी पत्करले, हे त्याचे वैशिष्ट्य. उणीव एवढीच की ई. बी. सी. सवलत फीपुरती राहिली. निर्वाहाचा प्रश्न पुन्हा वसतिगृहावर आणि ‘कमवा व शिका’ वर सोपविला गेला. तासगाव तालुक्यातील अंजनी गावचे आर. आर. पाटील, जे पुढे राज्याचे उपमुख्यमंत्री झाले, सांगलीच्या शांतिनिकेतन महाविद्यालयात याच ‘कमवा व शिका’ च्या मार्गाने शिकले, ही गोष्ट या संदर्भात पुरेशी बोलकी आहे.

४. दाखल्याचा प्रश्न

उत्पन्न हे गमक ठरले की उत्पन्नाचा दाखला हे शिक्षणाचे प्रवेशद्वार बनते. तलाठ्याने चौकशी करावी व तहसीलदाराने दाखला द्यावा, ही रीत रूढ झाली. नोकरदाराचे उत्पन्न पगारपत्रकावर दिसते. शेतकऱ्याचे उत्पन्न मात्र अंदाजाने ठरवावे लागते. येरळेच्या परिसरातील आणि तालुक्याच्या पूर्वेकडील कमी पावसाच्या गावांत एका वर्षाच्या उत्पन्नावरून दुसऱ्या वर्षाची कल्पना येत नाही. जिराईत ज्वारीच्या काळात पाऊस हुकला की हाती काही लागत नसे. पुढे या तालुक्याने द्राक्षबागांत कीर्ती मिळविली. ‘तास-ए-गणेश’ हे वाण येथीलच एका बागायतदाराने निवडलेले, आणि तासगावचा बेदाणाही बाजारपेठेत नावाजला. तरी बाग म्हणजे मोठे भांडवल व बहुधा मोठे कर्ज. फळछाटणीनंतर अवकाळी पाऊस किंवा गारपीट झाली, तर कागदावर बागायतदार असलेला मनुष्य त्या वर्षी प्रत्यक्षात कर्जबाजारी असतो. सातबाऱ्यावरील पीकपाहणीवरून त्याचे उत्पन्न ठरविले, तर त्याचा मुलगा सवलतीस अपात्र ठरण्याचा संभव राहतो.

उलटपक्षी, शेतीचे उत्पन्न तपासण्यास कठीण असल्यामुळे ते कमी दाखविणेही सोपे असते, ही पगारदार वर्गाची जुनी तक्रार आहे. दोन्ही तक्रारींत तथ्य आहे आणि दोन्हींचे मूळ एकच आहे : ज्याचे स्वरूपच वार्षिक नाही अशा मिळकतीला वार्षिक मोजमाप लावले गेले. दुष्काळ जाहीर झालेल्या गावांतील विद्यार्थ्यांची परीक्षा फी माफ करण्याची जी प्रथा महाराष्ट्रात पडली, तिच्यात या अडचणीची अंशतः कबुली आहे. तेथे कुटुंबाचा दाखला न पाहता गावाची पैसेवारी पाहिली जाते. परंतु परीक्षा फी हा एकूण खर्चाचा लहानसा अंश होय.

५. १९८३ चे वळण

या इतिहासाला खरे वळण १९८३ साली मिळाले, आणि ते देणारा नेताही सांगलीचाच होता. मुख्यमंत्री वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदान तत्त्वावर खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. ज्यांचे औपचारिक शिक्षण अल्प होते, ज्यांनी सहकाराच्या बळावर साखर कारखाना उभा केला होता, त्या दादांचा हेतू तंत्रशिक्षण ग्रामीण महाराष्ट्रात आणण्याचा होता. सरकारी जागा थोड्या असल्याने महाराष्ट्रातील मुले देणगी भरून शेजारच्या कर्नाटकात शिकावयास जात. तो पैसा व ती मुले येथेच राहावीत, हा युक्तिवाद निराधार नव्हता. सांगलीस १९४७ पासून चालत आलेले आणि पुढे वालचंद यांच्या नावाने प्रसिद्ध झालेले अभियांत्रिकी महाविद्यालय अनुदानित होते. तेथील जागा मागणीच्या मानाने अपुऱ्या होत्या.

परंतु या निर्णयाने साहाय्याच्या दोन वाटांपैकी एक वाट नव्या महाविद्यालयांपुरती बंद झाली. संस्थेला अनुदान नाही, म्हणून संपूर्ण खर्च फीवर आला. आणि फी वाढली तेव्हा १२०० रुपयांच्या काळात आखलेली फीमाफीची चौकट तिच्यापुढे तोकडी पडली. देणग्यांच्या तक्रारी वाढल्यावर १९८७ चा कॅपिटेशन फी प्रतिबंधक कायदा करावा लागला. १९९३ साली उन्नीकृष्णन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ‘मोफत जागा’ व ‘शुल्क जागा’ अशी विभागणी केली. म्हणजे एका विद्यार्थ्याच्या वाढीव फीतून दुसऱ्याचे शिक्षण चालावे, अशी ती रचना होती. २००२ च्या टी. एम. ए. पै निकालाने ती रचना मोडली व २००५ च्या इनामदार निकालाने विनाअनुदानित संस्थांतील सरकारी कोट्याला नकार दिला. एका विद्यार्थ्याचा भार दुसऱ्यावर टाकता येत नाही असे ठरल्यावर गरीब विद्यार्थ्याचा भार उचलण्यास सरकारच उरले.

त्यातून फीप्रतिपूर्तीच्या योजना वाढल्या. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेत खुल्या वर्गातील आर्थिक दुर्बल विद्यार्थ्यांना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण शुल्काचा निम्मा भाग मिळू लागला. उत्पन्नाची मर्यादा २०१६ साली ६ लाख रुपये व त्यानंतर लवकरच ८ लाख रुपये झाली. प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून झालेला असावा आणि लाभ कुटुंबातील पहिल्या दोन अपत्यांपुरता असावा, अशा अटी तीस आहेत. डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाने वसतिगृह निर्वाहभत्त्याची योजनाही त्याच काळात आली, म्हणजे शाहू छत्रपतींनी ओळखलेल्या गरजेची दखल नव्या स्वरूपात घेतली गेली. २०१७-१८ पासून अर्ज व वाटप ‘महाडीबीटी’ प्रणालीद्वारे होऊ लागले. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून ८ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क यांची पूर्ण माफी मिळाली.

६. समारोप

वरील विवेचनावरून एक गोष्ट निष्पन्न होते. सरकारी साहाय्याचा इतिहास नेहमी मंजूर रकमांच्या व उत्पन्नमर्यादांच्या भाषेत सांगितला जातो. मर्यादा ९०० रुपयांवरून ८ लाखांवर गेली, हे ऐकावयास प्रगतीचे वाटते, आणि पैशाचे घटते मोल जमेस धरूनही लाभाचे क्षेत्र विस्तारले आहे हे मान्य केले पाहिजे. पण साहाय्याचे खरे माप काय दिले यात नसून, दिल्यानंतर घरावर काय शिल्लक राहिले यात आहे. १९६० नंतरच्या दशकात तासगावच्या शेतकऱ्याच्या मुलाला गावातील अनुदानित महाविद्यालयात पूर्ण फीमाफी मिळाली, तेव्हा शिल्लक राहत होती ती वह्या-पुस्तकांची किंमत आणि शेतावरचे एक माणूस कमी होण्याची झळ. आज त्याच घरातील मुलगा विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयात गेला, तर निम्मे शिक्षण शुल्क सरकारने देऊनही उरलेले निम्मे, परगावचा निर्वाह आणि प्रतिपूर्ती हाती येईपर्यंतचा काळ यांचा भार घराने सोसावयाचा असतो. साहाय्याची रक्कम वाढली आणि त्याबरोबर शेषही वाढला.

यावरून १९८३ चा निर्णय चूक होता असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. त्या निर्णयाविना ग्रामीण भागातील पुष्कळ मुले अभियंते झालीच नसती. परंतु संस्थेकडे जाणारी वाट बंद करताना विद्यार्थ्याकडे जाणारी वाट त्याच प्रमाणात रुंद करावयास हवी होती, ती उशिरा व तुकड्यातुकड्यांनी रुंद झाली, एवढे निश्चित म्हणता येते. १९४४ च्या योजनेने फी व निर्वाह यांचा एकत्र विचार केला होता. जोतीरावांनी साहाय्याचा रोख उणीव असेल तेथे वळविण्यास सांगितले होते, आणि भाऊरावांनी विद्यार्थ्याच्या श्रमाला मान देऊन शेष खर्च भागविला होता. ही तिन्ही सूत्रे याच मुलखाच्या अनुभवातून सिद्ध झालेली आहेत. तासगावच्या महाविद्यालयावर ज्यांचे नाव आहे, त्यांच्याच निर्णयाने विनाअनुदानाचे पर्व सुरू झाले. तेव्हा त्या पर्वाचा हिशोब मांडताना या परिसरातील घरांवर उरलेला शेष प्रथम मोजला जावा, हे इतिहासाच्या दृष्टीने उचित होय.